शिरोड्याची बाग आणि पेडण्याचा कायदा

शिरोड्याचा बागायतदार : जमीन जिथली, कायदा तिथला, हे शेंबड्या पोरालाही कळते. गोव्यातला माणूस वारला म्हणून त्याच्या सिंधुदुर्गातील कलमांची वाटणी 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या नियमांनी करायची असेल, तर आपण पोर्तुगीजांना तेरेखोल ओलांडून पुन्हा बोलावले आहे काय?

पेडण्याची माहेरवाशीण : हे वाक्य मी माझ्या भावाच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. 2019 साली सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला होता. माणूस गोव्याच्या अधिवासाचा, म्हणजे कायमचे घर गोव्यात, आणि मिळकत मुंबईत. ती संहिता 1962 च्या कायद्याने संसदेनेच चालू ठेवली असल्यामुळे ती आता परकी नसून भारताचाच विशेष कायदा आहे, म्हणून दोन देशांच्या कायद्यांतील झगड्याचे नियम तिथे लागू होत नाहीत, असे न्यायालयाने ठरवले. आपला ‘जमीन जिथली’ हा नियम त्या झगड्यातला आहे.

माझ्या वडिलांचा जन्म गोव्यातल्या पेडण्याचा, संसारही पेडण्याचा. परंतु सिंधुदुर्गात बांद्याजवळची काजूची बाग त्यांनी मृत्युपत्राने एकट्या भावाला दिली. आमच्या कायद्याने त्यातला अर्धा वाटा आईचाच होता आणि वडिलांच्या उरलेल्या वाट्यातला अर्धा आम्हा मुलांसाठी राखीव होता. तेवढा देण्याचा अधिकार त्यांना नव्हताच.

निवृत्त तलाठी : ताई, फेरफाराची, म्हणजे सातबारावरचे नाव बदलण्याची, नोटीस निघाली तेव्हा हरकत का घेतली नाहीत? पुढे निकालांच्या प्रती घेऊन सगळेच येतात, मुदतीत कोणी येत नाही.

पेडण्याची माहेरवाशीण : नोटीस माहेरच्या पत्त्यावर गेली आणि ती भावानेच सही करून घेतली. फेरफाराने मालकी ठरत नाही, सातबारा महसुलापुरता असतो, हे आपणांस ठाऊक असते. मग कार्यालयात आम्हाला तसे कोणीच का सांगत नाही?

निवृत्त तलाठी : तलाठ्याने वकिलीही करावी अशी अपेक्षा असेल तर पगारही त्या मानाने द्यावा. नोंदणीकृत मृत्युपत्र समोर आल्यावर मृताचा अधिवास कुठला होता याची चौकशी मी कोणत्या रकान्यात लिहायची होती? पावसाळ्यात चार गावे पायी फिरून पंचनामे केले आहेत, त्याचे कौतुक मात्र कोणी केले नाही.

सावंतवाडीचा वकील : पंचनामे बाजूला ठेवू. खरी गोम अधिवासात आहे. 1984 च्या प्रदीप जैन खटल्यात याच न्यायालयाने भारतात अधिवास एकच, तो भारताचा, राज्याराज्यांचा वेगळा नसतो, असे म्हटले होते. तो खटला वैद्यकीय प्रवेशाचा होता हे मान्य, तरी शब्द तेच आहेत. मग सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाचा जो माणूस वीस वर्षे गोव्यात म्हापशात दुकान चालवतो आणि गणपतीला गावी येतो, त्याला कोठला धरायचे? ताईंच्या वडिलांबाबत शंका नाही, परंतु सीमेवरची निम्मी घरे अशी दोन्हीकडची आहेत.

शिरोड्याचा बागायतदार : निकाल ताईंच्या बाजूचा आहे, एवढे मान्य करतो, कारण न मानून उपाय नाही. परंतु मी साफ सातबारा पाहून रोख पैसे मोजले आणि वर्षभराने विकणाऱ्याच्या दोन बहिणी वकिलासह दारात उभ्या राहिल्या. घेणाऱ्याला हे कळावे तरी कसे?

पेडण्याची माहेरवाशीण : आता रागाचे मूळ कळले. खरेदीखतात विकणाऱ्याचा पत्ता लिहिलेला असतो ना? तो पेडण्याचा असेल, तर बहिणी किती, एवढे विचारायला किती वेळ लागला असता?