मदत हवी आहे: नगरपरिषदेच्या ‘हरित बांधकाम’ मसुद्यावर हरकत कशी लिहावी?

नमस्कार मंडळी,

मी दक्षिण कोकणातल्या एका लहान नगरपरिषदेच्या हद्दीत राहते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. नगरपरिषदेने हरित व शाश्वत बांधकाम धोरणाचा मसुदा काढला आहे आणि त्यावर हरकती-सूचना मागवल्या आहेत. जाहीर सूचना पेपरात निविदांच्या गर्दीत आली होती, त्यामुळे महिन्याच्या मुदतीतले बरेच दिवस असेच गेले. मसुदा इंग्रजीत आहे आणि कचेरीत बसूनच वाचायचा. मी वाचला, मोबाइलवर फोटोही काढले.

धोरणाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. अडचण अशी की मसुदा कुठल्यातरी मोठ्या शहराचा उचललेला दिसतो. त्यात भिंतींसाठी गुणांचा तक्ता आहे. राखेच्या विटांना गुण, एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकला गुण. चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडाचा, उल्लेखच नाही! आमच्याकडे चिरा जवळच्या खाणीतून येतो, ब्लॉकचा ट्रक घाट उतरून. चिऱ्याची भिंत दरजा भरून तशीच सोडता येते. गिलावा नाही, रंग नाही, म्हणजे तेवढं सिमेंट, तेवढी वाळू वाचली. आमची पडवीची भिंत सासऱ्यांच्या वेळची आहे, आजवर फक्त दरजा पुन्हा भरल्यात. मंगळुरी कौलंही एखादं फुटलं तर तेवढंच बदलता येतं. मसुद्याप्रमाणे मात्र अशा घराला भिंत-छपराचे मिळून शून्य गुण, आणि ब्लॉक रचून दोन्ही बाजूंनी गिलावा थापला की हरित.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर वाटतो. दोन गुंठ्यांपुढच्या प्रत्येक प्लॉटवर पागोळ्यांचं पाणी जिरवायला शोषखड्डा सक्तीचा. इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात, तेव्हा पाणी जिरवा म्हणणं चूक नाही. पण आमची वस्ती उतारावर आहे. वर जांभा, त्याखाली शेडी, म्हणजे पाणी न मुरणारी चिकण माती. जांभ्यातून पाणी भराभर खाली जातं, शेडीवर अडतं आणि तिच्यावरून आडवं सरकत खालच्या अंगाला बाहेर पडतं. वरच्या आळीतल्या एका काकांनी हौसेने खड्डा मारला, तर खालच्या घराच्या मागीलदारची भिंत पावसाळाभर पाझरत होती. उतारावर घरोघरी असे खड्डे झाले तर दरडीचं काय? मसुद्यात ‘उतार’ हा शब्द मला कुठे सापडला नाही.

सोलर हीटरचंही आहेच. इथे गळतीपायी निम्म्या स्लॅबांवर पत्र्याची शेड आहे, हीटर नेमका कुठे ठेवायचा? शिवाय बक्षीस म्हणून जादा एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जास्त बांधकामाची मुभा. तीन गुंठ्यांत एकमजली घर बांधणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

जाणकारांनी सांगावं: या धोरणाला कायद्याचं वजन किती? सुनावणी मिळते का? आळीतल्या सगळ्यांनी मिळून एक अर्ज द्यावा की वेगवेगळे? आणि जुन्या घराची कौलं बदलायची तरी हे सगळं लागू होणार का? आमचे आप्पा त्याच काळजीत आहेत.

पडवीतून

प्रतिसाद: निवृत्त_नगररचना

ताई, सर्वात आधी सूचनेच्या पहिल्या परिच्छेदात कोणतं कलम लिहिलंय ते बघा. सगळं त्यावर आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम ३७ लिहिलं असेल तर हा नियमावलीतला फेरबदल आहे. त्यात एक महिन्याच्या आत कोणीही हरकत घेऊ शकतं, जमीनमालकच हवा असं नाही. हरकतदाराला सुनावणी द्यावी लागते आणि अंतिम मंजुरी शासनाची. नगरपरिषदेने ठराव केला म्हणजे झालं, असं नसतं. कलमच दिलेलं नसेल तर ते नुसतं धोरण. त्याच्या जोरावर सवलती देता येतील, पण परवानगी नाकारायची म्हटली तर माझ्या मते टिकणार नाही. बांधकामाला आज डिसेंबर २०२० ची एकत्रिकृत नियमावली लागू आहे आणि तिच्यात पर्जन्यजल संचयाची अट ५०० चौरस मीटर व त्यापुढच्या भूखंडांना आहे, म्हणजे साधारण पाच गुंठे. ती दोनवर आणायची तर नियमच बदलावा लागेल. हा मुद्दा हरकतीत पहिला घ्या.

जादा एफएसआयही त्याच नियमावलीतला: हरित इमारतींच्या मानांकनात ग्रिहाचे तीन तारे किंवा आयजीबीसीचं सिल्व्हर मिळालं तर ३ टक्के, त्यावरच्या दोन पायऱ्यांना ५ आणि ७. हे मोठ्या प्रकल्पांचं काम. घरमालकांसाठी मिळकतकरात सूट मागा. पुण्यात सोलर, पर्जन्यजल, गांडूळखत यांवर ५ ते १० टक्के सवलत आहे, तो दाखला द्या.

आप्पांना सांगा, निर्धास्त राहा. बाहेरचं रूप फारसं न बदलणाऱ्या देखभाल-दुरुस्तीला कलम ४३ प्रमाणे परवानगीच लागत नाही. तरीही ‘कौले बदलणे वगळावे’ असं एक वाक्य हरकतीत टाकाच.

प्रतिसाद: सड्यावरचा

शोषखड्ड्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. चिऱ्याबद्दल मात्र जरा दमानं घ्या. तुमचा चिरा येतो कुठून? सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरून. आमच्या बाजूला खाणींनी सडे पार खरवडून काढलेत. पाणी मुरवणारा थर तोच, कातळशिल्पंही त्याच सड्यांवर. ‘चिरा म्हणजे हरितच’ असं लिहाल तर सुनावणीत कोणीतरी हेच तोंडावर मारेल. परवाना असलेल्या खाणीचा किंवा जुन्या घराचा उतरवलेला चिरा, असं लिहा. जुना चिरा, जुने वासे, जुनी कौलं पुन्हा वापरणाऱ्याला तर सर्वात जास्त गुण हवेत. ते कुठल्याच तक्त्यात नसतं.

प्रतिसाद: पडवीतून

दोघांचे आभार. सूचना पुन्हा पाहिली, कलम ३७ च आहे. खाणींचं सड्यावरचा यांचं म्हणणं बरोबर आहे, तसंच लिहीन. मसुदा मराठीत मागता येईल का? आळीतल्या निम्म्या लोकांना तो वाचताच येत नाही. आणि माहिती अधिकारात प्रत मागवली तर?

प्रतिसाद: निवृत्त_नगररचना

माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. तोवर तुमची मुदत संपलेली असेल. फोटो आहेत ना, त्यावरूनच काम करा. मराठीचं मात्र जरूर लिहा. स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठी वापरण्याचा २०२२ चा राज्याचा कायदा आहे. मराठी मसुदा द्या आणि त्या दिवसापासून मुदत धरा, अशी मागणी करा. पण मिळेल म्हणून थांबू नका.

अर्ज वेगवेगळे द्या. पन्नास सह्यांचा एक कागद ‘एक हरकत’ म्हणून मोजला गेलेला मी पाहिलाय. मजकूर सारखा असला तरी प्रत्येकाने आपल्या घराची एक-दोन वाक्यं घालावीत. दोन प्रती न्या, आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शेवटी ‘मला प्रत्यक्ष सुनावणी हवी आहे’ हे स्पष्ट लिहा. आणि नुसता विरोध नको, पर्यायी शब्द तुम्हीच द्या, म्हणजे अहवाल लिहिणाऱ्याला ते उचलता येतात. नमुना देतो, कलमाचा क्रमांक तुम्ही घाला:

“मसुद्यातील कलम ___ मध्ये ‘दोन गुंठे’ ऐवजी ‘५०० चौ.मी.’ असे वाचावे. पुढे जोडावे: उतारावरील किंवा खाली शेडी माती असलेल्या भूखंडावर शोषखड्ड्याची सक्ती नसावी, तेथे पागोळ्यांचे पाणी टाकीत साठवणे किंवा पन्हळीने सुरक्षित अंतरावर सोडणे ग्राह्य धरावे. शोषखड्डा घ्यायचाच असल्यास खालच्या बाजूच्या घरापासूनचे किमान अंतर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या सल्ल्याने ठरवावे. भिंतींच्या तक्त्यात परवानाधारक खाणीतील जांभा चिरा, तसेच जुन्या बांधकामातून काढलेला चिरा, लाकूड व कौले यांचा समावेश करावा.”

काकांच्या खड्ड्याचा आणि खालच्या पाझरणाऱ्या भिंतीचा फोटो असेल तर सोबत जोडा. खालच्या घरवाल्यांनाही स्वतंत्र हरकत द्यायला सांगा, त्यांचा अर्ज सगळ्यात वजनदार ठरेल.