८ जीबी रॅम, ५०० जीबी डिस्क-कॅशे : हे गणित केलं कोणी?

पोर्ट ३१२८ : 'डिस्क स्वस्त आहे, कॅशे-डिर ५०० जीबी ठेवा, कॅशे-मेम ४ जीबी, बाकी स्क्विड बघून घेईल.' स्क्विड या प्रॉक्सीसाठी (मागितलेली पानं-फाइली साठवून पुन्हा देणाऱ्या मधल्या सर्व्हरसाठी) कालचा हा सल्ला. कॅशे-डिर म्हणजे डिस्कवरचा साठा, कॅशे-मेम रॅममधला. उचलली जीभ लावली टाळ्याला! डिस्कवरच्या प्रत्येक ऑब्जेक्टची, म्हणजे साठवलेल्या फाइलची, नोंद रॅममध्ये राहते. ६४-बिटवर दर जीबीमागे साधारण १४ एमबी. म्हणजे ५०० जीबीला नुसता या नोंदींचा इंडेक्स ७ जीबी. वर ४ कॅशे-मेमचे. ११ झाले, रॅम ८! मशीन स्वॅपवर गेलं (रॅम संपून डिस्क वापरू लागलं) की प्रत्येक रिक्वेस्ट रखडणार. त्यापेक्षा प्रॉक्सी नसलेली बरी. कॅशे-मेम म्हणजे अख्ख्या प्रोसेसची मर्यादा नव्हे, हे किती वेळा सांगायचं?

खडूस अ‍ॅडमिन : सल्ला माझाच. तुमचे १४ एमबी सरासरी १३ केबीचं ऑब्जेक्ट धरून आहेत. सॉफ्टवेअर पॅकेजं साठवणाऱ्या प्रॉक्सीवर सरासरी १३० केबी निघाली तर इंडेक्स ७०० एमबीत बसतो. स्क्विडच्या कॅशे मॅनेजरमध्ये 'मीन ऑब्जेक्ट साइझ' बघा, मग ओरडा.

पोर्ट ३१२८ : घोडं तिथेच पेंड खातंय. मॅक्सिमम ऑब्जेक्ट साइझ मुळात ४ एमबी. ती वाढवा म्हणालात का कुठे? मोठी पॅकेजं साठवलीच जाणार नाहीत, सरासरी वाढणार कशाने?

लिनक्सवाली : पण ५०० जीबी भरणार तरी कशाने? बहुतेक ट्रॅफिक एचटीटीपीएस, म्हणजे कूटबद्ध. कनेक्टचा टनेल उघडला की आतलं स्क्विडला दिसत नाही.

खडूस अ‍ॅडमिन : एसएसएल-बंप लावा की, स्क्विड मध्येच ते उलगडून बघेल.

लिनक्सवाली : लावा! प्रत्येक मशीनवर आपलं रूट सर्टिफिकेट टाका, पिनिंगवाली (ठरावीक सर्टिफिकेटच मानणारी) अ‍ॅप्स बंद पडली की स्प्लाइसची (न उलगडता सोडायच्या साइट्सची) यादी वाढवत बसा. आणि लोकांची बँकेची पानं उघडायची का, हे लोकांना विचारलंत?

खडूस अ‍ॅडमिन : बँका यादीत टाकायच्या. एवढं कळतं हो.

लिनक्सवाली : सगळ्या? सहकारी बँकांसकट? यादी कोण सांभाळणार?

पोर्ट ३१२८ : विषय रॅमचा होता!

लिनक्सवाली : तोच बोलतेय. डेबियन लिनक्सची पॅकेजं अजून साध्या एचटीटीपीवर घेता येतात, सही एपीटी (पॅकेजं टाकणारं डेबियनचं साधन) तपासतं. तेवढ्याला १०० जीबी पुष्कळ.

खडूस अ‍ॅडमिन : बरं बाई, १०० करा. तुमच्याच हिशोबाने इंडेक्स १.४, कॅशे-मेम २, उरलेली रॅम कर्नलच्या फाइल-कॅशेला. झालं समाधान?

पोर्ट ३१२८ : अर्धं. पार्टिशन काठोकाठ भरेल असा आकडा देऊ नका, २० टक्के मोकळे ठेवा. स्वॅप-स्टेट फाइलही (स्क्विडची साठ्याची नोंदवही) तिथेच वाढते. आणि डिस्क रेड ५ वर (अनेक डिस्कांच्या जोडणीवर) नाही ना?

खडूस अ‍ॅडमिन : रेडसाठी वेगळा धागा काढा.