मदत हवी: इंजिनचं काम निघालेली २०१४ ची डिझेल गाडी १.७० लाखाला घ्यावी का?

रस्तेकर:
१.३ लिटर डिझेल हॅचबॅक बघून आलोय. एमएच १२ पासिंग, दुसरा मालक, मीटरवर १ लाख ३८ हजार. इंजिनचं काम निघालंय हे मालकाने स्वतःहून सांगितलं. सकाळच्या पहिल्या स्टार्टला तीन-चार सेकंद खडखड, हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खाते, चढावर दम नाही, मागून निळसर धूर. मागतोय १.७०. धडधाकट गाडी इकडे २.६० च्या आसपास जाते. त्याचा मेकॅनिक म्हणतो सगळं काम ४५ हजारांत होईल. बॉडी, सस्पेन्शन, एसी चांगले आहेत. घ्यावी का? आणि टोकन देण्याआधी काय तपासून घेऊ?

वंगण:
ते ४५ हजार आधी बाजूला ठेवा. इंजिन न उघडता सांगितलेल्या आकड्यावर सौदा करायचा नसतो. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत दोन वेगळी दुखणी दिसतात.

खडखड फॅनबेल्टच्या बाजूने येत असेल तर टायमिंग चेन. हे १२४८ सीसीचं फियाटचं इंजिन (आपल्या रांजणगावलाही बनायचं) चेनवर चालतं, आणि चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर. ऑइल बदलायला उशीर होत गेला की गाळ साचतो, चेन झिजून लांबते आणि दाब चढेपर्यंत आपटत राहते. तिने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणून या गाडीची लांब टेस्ट ड्राइव्ह घेऊच नका. बदलायचं ते अख्खं किट: चेन, स्प्रॉकेट, गाइड, टेन्शनर. नुसती चेन टाकून देतो म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका.

ऑइल खाण्याचं प्रकरण जास्त किचकट. पिस्टनच्या रिंगा गेल्या की क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागात) दाब वाढतो. मग टर्बोतलं ऑइल खाली चेंबरमध्ये परतू शकत नाही, ते सीलमधून इनटेकमध्ये ढकललं जातं. मेकॅनिक टर्बो गेला म्हणून टर्बो बदलतो, आणि थोड्याच दिवसांत नवा टर्बोही तेल ओकायला लागतो. ब्रीदर (हा दाब बाहेर सोडणारी नळी) तुंबला तरी नेमका असाच दाब येतो, आणि तो साफसफाईत सुटतो. म्हणून आधी ब्रीदर, मग रिंगा, मग टर्बो, याच क्रमाने बघा.

पाना_चौदा:
गाडी रात्रभर उभी असतानाच बघायला जा. पोहोचल्याबरोबर बॉनेट उघडून हेड कव्हरला हात लावा. कोमट लागलं तर आधीच स्टार्ट करून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी न सांगता जा. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग आहे का बघा. स्टार्ट झाल्यावर ऑइलची कॅप काढून तोंडावर नुसती उलटी ठेवा. थोडी वाफ चालते. कॅप थडथड उडत असेल, ठोक्याठोक्याला धूर येत असेल, तर ब्लो-बाय आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली निसटतोय. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर असेल तर तिथला तांब्याचा वॉशर गळतोय.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजायचं. डिझेलचाच गेज हवा, तो ग्लो प्लगच्या भोकातून लागतो. ग्लो प्लग इंजिन गरम असताना सोडवायचे. थंड इंजिनात जोर लावला की तुटतात, आणि तुकडा आत राहिला तर हेड उतरवायची वेळ येऊ शकते. तुटला तर खर्च कोणाचा, हे आधी बोलून घ्या. २५ ते ३० बारच्या आसपास आकडे हवेत आणि चौघांत ३ बारहून जास्त फरक नको. जो सिलिंडर कमी दाखवेल त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान द्यायचा. ऑइल कॅपमधून सूं आवाज आला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

एक धोका लक्षात ठेवा. असं इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून आपोआप रेस होऊ शकतं, आणि चावी काढूनही थांबत नाही. तसं झालं तर ब्रेक दाबून धरा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. बॉनेटखाली हात घालू नका.

आरसीबुक:
इंजिन नंबर आरसीशी जुळवा, चॅसिस नंबरही. मधल्या काळात जुनं इंजिन बसवलं असेल आणि आरटीओत नोंद नसेल तर ट्रान्सफर अडतं, इन्शुरन्सच्या क्लेमलाही अडचण येते. ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज होतं तर ते आरसीवरून काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, थकलेली ई-चलानं हे सगळं बघा. एनसीबी (क्लेम न केल्याची इन्शुरन्समधली सूट) जुन्या मालकाकडेच राहतो, तेव्हा इन्शुरन्सचे थोडे जास्त पैसे धरा. २०२९ मध्ये १५ वर्षं भरतात, तेव्हा फिटनेस करून आरसी रिन्यू करावी लागेल.

रस्तेकर:
टेस्ट करून घेतली. २७, २६, १९, २६. तिसऱ्याची हवा ऑइल कॅपमधून येते. ब्रीदर मोकळा आहे. चेनचा आवाज आहेच.

वंगण:
तिन्ही शेजारी चांगले आणि एकच एवढा खाली, म्हणजे ही नुसती किलोमीटरची झीज नाही. तिसरा इंजेक्टर बहुतेक टपकतोय. जादा डिझेल बोअरवरचं ऑइल धुऊन टाकतं, कधी पिस्टनचा माथाही जाळतं. चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाईपला बाटल्या लावून कोणाचं डिझेल जास्त परततं ते बघा आणि स्कॅनरवर तिसऱ्याचं करेक्शन (कॉम्प्युटर त्याचं डिझेल किती कमी-जास्त करतोय ते) बघा. त्यापुढे नोझल टपकते का हे डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याच्या टेस्ट बेंचवरच कळतं, चारही तिथे द्या. हे न करता नवा पिस्टन घातला तर तोही त्याच वाटेने जाईल.

इंजिन उघडलं की बोअर गेजने तीन उंचींवर आणि दोन दिशांनी मापायला लावा. बोअर अंडाकृती झाला असेल तर नुसत्या रिंगांनी धूर थांबत नाही. यादीत पिस्टन-रिंगा, बिगएंड आणि मेन बेअरिंग, पूर्ण पॅकिंग सेट, नवे हेड बोल्ट, हेड लेव्हलिंग, ऑइल पंपची तपासणी, चेन किट हे सगळं लेखी हवं. इंजेक्टर आणि टर्बो वेगळे.

मी ४५ ऐवजी ९० हजार ते १ लाख धरीन, वर गाडी महिनाभर गॅरेजला. या हिशेबात १.७० ला सौदा बसत नाही. १.२५ ला देत असेल तर घ्या, १.३५ च्या वर जाऊ नका.