विंडशील्ड धुरकट झालंय, काळं प्लॅस्टिक पांढरं पडलंय. पॉलिश करू की बदलू?

घाटवळण:
मंडळी, ॲडव्हेंचर बाईक आहे, तीन वर्षं जुनी. एका वॉशिंग सेंटरवर फोम मारून धुतली. त्यानंतर विंडशील्डवर दुधाळ पट्टे उमटलेत, ते पुसून जात नाहीत. रात्री समोरून हेडलाईट आला की दिव्याभोवती कोळ्याचं जाळं दिसतं. खालच्या दोन स्क्रूंजवळ केसासारख्या बारीक चिराही आहेत. टाकीच्या बाजूचं खरबरीत काळं प्लॅस्टिक राखाडी झालंय, त्यात मेणाचे पांढरे डाग. टूथपेस्ट लाव असं तिघांनी सांगितलंय. लावू का?

चाकपाना:
टूथपेस्ट राहू द्या. आधी काच कशाची आहे ते बघा. विंडशील्ड उतरवून खालच्या कडेला कोरलेली अक्षरं शोधा. पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट, पीएमएमए म्हणजे ॲक्रिलिक. पॉलिकार्बोनेट वाकतं पण सहसा फुटत नाही, मात्र मऊ असतं. म्हणून त्यावर बहुतेक वेळा कडक पारदर्शक कोटिंग दिलेलं असतं. ॲक्रिलिक मुळात त्याहून कडक, चरे कमी घेतं, पण आपटलं की तडकतं.

प्रश्न त्या कोटिंगचा आहे. पट्टे कोटिंगवर बसलेल्या साबणाचे किंवा क्षारांचे असतील तर निघतील. सावलीत, काच गार असताना पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडकं भिजवा, दोन मिनिटं काचेवर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. फरक पडला तर नशीब. नाही पडला तर तीव्र अल्कली असलेल्या फोमने कोटिंगच खाल्लंय असं समजा. कडेला पापुद्रा सुटलेला किंवा तिरप्या उजेडात नकाशासारखे तुकडे दिसले तर नक्कीच. अशा काचेवर पॉलिश मारलं की उरलेलं कोटिंग ठिकठिकाणी निघतं आणि काच आणखी चट्ट्यापट्ट्यांची दिसते. तिथे बदलणं हाच उपाय. सगळं कोटिंग घासून काढता येतं, पण मग ऊन थेट पॉलिकार्बोनेटवर पडतं आणि ते पिवळं पडत जातं.

स्क्रूजवळच्या चिरांचं कारण वेगळं. पेट्रोल किंवा थिनरने पुसणं आणि स्क्रू जास्त आवळणं या दोन गोष्टी एकत्र आल्या की भोकाच्या कडेपासून चिरा सुटतात. तिसरा गुन्हेगार फारसा कोणाच्या लक्षात येत नाही : स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावलेलं थ्रेडलॉकर. ते प्लॅस्टिकला लागलं तर चिरवतं. त्याऐवजी नायलॉनचा नट, रबर वॉशर आणि हाताने बसेल एवढाच ताण. चिरा पॉलिशने जात नाहीत. एखादी लांब होत चालली असेल तर तिच्या टोकाला 2-3 मिमीचं भोक पाडलं की पुढे धावत नाही. हे नवीन काच येईपर्यंतच.

घाटवळण:
धन्यवाद. व्हिनेगर लावून बघितलं, अर्धे पट्टे गेले. कडेला पापुद्रा नाही. पण एक खोल चरा आहे, नख अडकतं.

पॉलिशपेपर:
कोटिंग असेल तर त्या चऱ्याच्या नादी लागू नका, समोर बघताना नजरेच्या ओळीत नसेल तर विसरा. कोटिंग नसलेलं ॲक्रिलिक निघालं तर मात्र काम होतं.

बादलीभर पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाका. 1000 नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर, नंबर जितका मोठा तितका बारीक) पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजवा, रबराच्या ठोकळ्याला गुंडाळा आणि आडवा घासा. चरा दिसेनासा झाला की 1500 उभा, 2000 आडवा, 3000 उभा. दिशा बदलायची ती एवढ्यासाठी की आधीच्या नंबरचे व्रण अजून उरलेत का ते डोळ्याला कळावं. लोक इथेच घाई करतात, 1000 चे व्रण शेवटपर्यंत राहतात आणि दोष पॉलिशला देतात. प्रत्येक नंबरनंतर पाणी बदला. एक खडा आला तर सगळं मुसळ केरात.

फक्त चऱ्यावर घासू नका. तिथे खळगा पडतो आणि त्यातून रस्ता लाटेसारखा दिसतो. तळहाताएवढा भाग घ्या, कडांकडे दाब कमी करत जा.

मग प्लॅस्टिकसाठीचं कंपाउंड (घासून चकाकी आणणारी पेस्ट), फोम पॅड, ड्रिलला साधारण 1000 आरपीएम. वाटाण्याएवढे दोन ठिपके, रुमालाएवढा भाग, पॅड एका जागी थांबवायचं नाही. ॲक्रिलिक 100 अंशांच्या आसपास मऊ पडतं. पॅड थांबलं की तिथे भाजल्यासारखा डाग पडतो आणि तो निघत नाही. हाताला काच कोमट लागली की थांबा. शेवटी फाइन पॉलिश हाताने. अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून तपासा, दिवसा सगळं चकाचकच दिसतं.

मडगार्डमावशी:
टूथपेस्टबद्दल : तिच्यात घासणारी पूड असते, पण किती बारीक ते ब्रँडगणिक बदलतं. हेडलाईटच्या काचेवर एकवेळ चालून जाईल, विंडशील्डवर नको.

काळ्या खरबरीत प्लॅस्टिकचं सांगते. पांढरे डाग हे वाळलेलं मेण. पेन्सिलीच्या रबराने खोडून बघा, बहुतेक निघतं. खाचांत अडकलेल्याला मऊ टूथब्रश आणि शाम्पूचं कोमट पाणी. पुढच्या वेळी मेण लावताना कडेला मास्किंग टेप.

राखाडीपणा हे उन्हाचं काम. सिलिकॉनचं ड्रेसिंग आजच्या आज काळं करतं, दोन-तीन जोरदार पावसात उतरतं. ट्रिम रिस्टोरर, म्हणजे राखाडी प्लॅस्टिक पुन्हा काळं करणारं द्रव, जास्त टिकतो, पण पृष्ठभाग तेलकट असेल तर बसत नाही, म्हणून आधी धुऊन पूर्ण वाळवा. काहीही लावायचं ते फडक्यावर घेऊन. स्प्रे मारलात आणि ब्रेकच्या डिस्कवर उडाला तर ब्रेक नीट लागणार नाही, टायरवर उडाला तर टायर घसरेल. सीट आणि फूटपेगलाही लावू नका. खोबरेल तेलाने धूळ चिकटते, जळकं इंजिन ऑइल तर नकोच.

चाकपाना:
हीट गनने (गरम हवा मारणारं यंत्र) काळेपणा परत येतो, पण काही महिनेच. पॅनल टाकीवरून काढून, 10-15 सेंमी अंतरावरून, हात हलता ठेवून. जास्त तापलं तर खरबरीतपणा वितळून चकचकीत चट्टा पडतो. मॅट रंगावर यातलं काहीच करू नका, पॉलिशने मॅट कायमचं जातं.

घाटवळण:
रबराने डाग निघाले! आता रोजच्या धुण्याचं सांगा.

पॉलिशपेपर:
कोरडं पुसू नका, काचेवरचे बरेच चरे पेट्रोल पंपावर कोरडं फडकं फिरवल्याचे असतात. किडे चिकटले असतील तर जुनी सुती बनियन भिजवून काचेवर पसरा, 10-15 मिनिटं राहू द्या, किडे आपोआप सुटतात. मग पाणी, शाम्पू, पुन्हा पाणी. फडकं वरून खाली, गोल गोल नाही. आणि विंडशील्डचं मायक्रोफायबर वेगळं ठेवा, चेनला लागलेलं चुकूनही नको. अमोनियाचं काच-क्लीनर आणि खऱ्या काचेला लावायचं वॉटर रिपेलंटही (पाणी टिकू न देणारा लेप) यावर नको. प्लॅस्टिकसाठीचं वेगळं मिळतं, बाटलीवर बघून घ्या.