मदत हवी आहे : जुन्या इलेक्ट्रिक गिटारची मान तडकली आहे आणि आवाजही येत नाही

सागरवेळ (रत्नागिरी) :
नमस्कार. माझे काका ऐंशीच्या दशकात मुंबईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत असत. त्यांची इलेक्ट्रिक गिटार आमच्या घरच्या माळ्यावर अनेक वर्षे पडून होती. आता ती खाली काढली, तर मान तडकलेली आहे, तारा गंजल्या आहेत आणि अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्यावर आवाज येत नाही. काका गणपतीला घरी येणार आहेत आणि त्यापूर्वी ती वाजती झाली पाहिजे, अशी माझी तीव्र इच्छा आहे. मानेसाठी कोणता गोंद वापरावा, हे कृपया लवकर सांगावे. दुकानात जाण्यासाठी माझ्याकडे उद्याचाच दिवस आहे.

सहा_तारा :
गोंद ठरवण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. तडा नेमका कुठे आहे? मान धडाला स्क्रूने जोडलेली आहे की चिकटवलेली? पूर्वी कोणी दुरुस्ती केल्याची खूण दिसते का? आणि "आवाज येत नाही" म्हणजे पूर्ण शांतता आहे, की नुसती गुणगुण ऐकू येते? एवढे समजल्याशिवाय दिलेला कोणताही सल्ला अंदाजपंचेच ठरेल. तोपर्यंत तारा सैल करून ठेवा. दहाच्या जाडीचा (सर्वांत बारीक तार ०.०१० इंचाची) तारांचा संच पूर्ण सुरात लावला, की मानेवर एकूण ४४-४५ किलोंचा ताण येतो.

जुना_सुतार :
एवढ्या चौकशीची गरज नाही. अ‍ॅराल्डाइट (इपॉक्सी गोंद) भरावे, मागून दोन बारीक स्क्रू मारावेत आणि वरून लाखेचे पॉलिश करावे. माझ्या हातून दुरुस्त झालेल्या खुर्च्यांचे पाय आजही घट्ट आहेत.

सहा_तारा :
जुना_सुतार, आपल्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण ज्या जागी स्क्रू मारायला आपण सांगत आहात, त्याच जागी लाकडाच्या आत ट्रस रॉडची, म्हणजे मान सरळ ठेवणाऱ्या धातूच्या सळईची, खाच असते. तिथे लाकूड आधीच पोकळ आणि सर्वांत पातळ असते, म्हणून तर मान तिथे मोडते. स्क्रू गेला, की एका तड्याचे दोन तडे होतात. शिवाय खुर्चीच्या पायावर वजन वरून येते आणि गिटारच्या मानेवर ताण सतत एकाच बाजूने, रात्रंदिवस येत राहतो.

मिरजेचा_श्रोता :
आमच्या मिरजेत सतार आणि तंबोरे घडवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या सांधे जोडण्यासाठी सरस (प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद) वापरत आली. सरसाने जोडलेला सांधा पुढे कधी उघडावा लागला, तर गरम पाण्याच्या वाफेने सोडवता येतो आणि लाकडाचे नुकसान होत नाही. आपल्यानंतरच्या माणसाला वाद्य पुन्हा दुरुस्त करता आले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. रत्नागिरीहून मिरज फार दूर नाही. एखाद्या कारागिराला दाखवून पाहावे.

सागरवेळ :
सर्वांचे आभार. मान धडाला चार स्क्रूने जोडलेली आहे आणि मागच्या धातूच्या पट्टीवर "मेड इन जपान" असे कोरलेले आहे. कंपनीचे नाव पुसले गेले आहे. आकार गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारसारखा असून खुंट्यांचा भाग मागे कललेला आहे. तडा नटाच्या (खुंट्यांजवळ तारा टेकतात ती खाचांची पट्टी) मागे, जाड तारेच्या बाजूने सुरू होऊन तिरका खाली गेला आहे. खुंट्यांचा भाग अंगठ्याने हलकेच मागे दाबला, की तडा केसाइतका उघडतो आणि सोडला की मिटतो. गुणगुण येते, पण तारा छेडल्या तरी सूर उमटत नाही. जुन्या दुरुस्तीचे मला काही कळत नाही.

रेकॉर्डप्रेमी :
जपानी लेस पॉल प्रतिकृती असेल, तर ती मुळीच फेकू नका. सत्तरच्या दशकात जपानमध्ये अशा प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर बनल्या आणि १९७७ साली गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने आयबानेझच्या अमेरिकेतील वितरकावर खुंट्यांच्या भागाच्या आकारावरून दावा दाखल केला होता. हे प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले, पण त्या काळच्या प्रतिकृतींना आज संग्राहक वेगळे मोल देतात. पॉटच्या (आवाजाच्या बटणाखालचा फिरता भाग) पाठीवर १३७ ने सुरू होणारा आकडा आहे का? त्यावरून उत्पादनाचे वर्ष काढता येते.

सहा_तारा :
१३७ हा सीटीएस या पॉट बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा संकेत आहे. जपानी गिटारमध्ये तो मिळेलच असे नाही आणि आत्ताचा प्रश्न किमतीचा नाही. सागरवेळ, तडा तिरका आहे, ही चांगली बातमी आहे. लाकडाच्या रेषांबरोबर तिरक्या गेलेल्या तड्यात गोंदाला धरायला लांब पृष्ठभाग मिळतो. आडव्या, आखूड तड्यात तो मिळत नाही. आता तडा हलकेच उघडून भिंगाने आत पाहा. आत स्वच्छ, फिकट लाकूड दिसले तर पिवळा लाकूडगोंद सर्वांत उत्तम. साधा पांढरा गोंद मात्र टाळा, कारण सततच्या ताणाखाली तो कालांतराने हळूहळू सरकतो. आत काचेसारखा चकचकीत थर दिसला, तर सगळे गणित बदलते.

कोकणकडा :
ऐन पावसाळ्यात पाण्यावर आधारित गोंद वापरताना मला काळजी वाटते. तो सुकतो तेव्हा त्यातले पाणी लाकडात आणि हवेत जावे लागते. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड आधीच ओलसर असते. वापरायचाच असेल, तर गिटार आधी काही दिवस कोरड्या खोलीत ठेवावी आणि चिकटवल्यावर चोवीस तासांवर समाधान न मानता तीन दिवस तरी हात लावू नये. केस ड्रायरने घाई करू नये, कारण फ्रेटबोर्ड (मानेवरची बोटे ठेवायची पट्टी) एका बाजूने सुकून वाकतो.

दिवाबत्ती :
मला एक वेगळीच शंका आहे. ताई, आपण गिटार कोणत्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून पाहिली?

सागरवेळ :
काकांचाच जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. दोन पिनांचा प्लग आहे. पेटीला हात लावला की थोड्या झिणझिण्या येतात, पण दिवे लागतात. तड्याच्या आत खालच्या टोकाला पिवळसर, चकचकीत आणि नखाने टोचल्यास कडक लागणारा थर आहे; वरच्या भागात फिकट लाकूड आहे.

दिवाबत्ती :
कृपया तो अ‍ॅम्प्लिफायर आत्ताच बंद करा, प्लग काढा आणि पुन्हा लावू नका. झिणझिण्या ही लहान गोष्ट नाही. दोन पिनांच्या प्लगमुळे धातूच्या पेटीला अर्थिंग नाही आणि अशा अनेक जुन्या यंत्रांत मेन्सची तार आणि पेटी यांच्यामध्ये जोडलेला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) जुना होऊन गळू लागतो. गिटारच्या तारा ब्रिजमधून (धडावरचा तारांचा धातूचा आधार) केबलच्या बाहेरच्या तारेला आणि तिथून पेटीला जोडलेल्या असतात. म्हणजे आपण ओल्या जमिनीवर उभ्या राहून तारांना हात लावाल, तेव्हा २३० व्होल्टचा मार्ग आपल्या शरीरातून जाऊ शकतो. पेटी स्वतः उघडूही नका, कारण व्हॉल्व्हच्या यंत्रातील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही तीनशे-चारशे व्होल्ट साठून राहू शकतात. नुसता तीन पिनांचा प्लग बसवून भागणार नाही. जाणकाराकडून आतले कपॅसिटर तपासून घ्यावेत. गिटार तपासायला बॅटरीवर चालणारा छोटा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर पुरेसा आहे.

सहा_तारा :
दिवाबत्ती यांचे म्हणणे आधी पाळावे, गोंद नंतर. तड्यातला तो थर जुन्या इपॉक्सीचा दिसतो. लाकूडगोंद लाकडाच्या उघड्या तंतूंना धरतो, जुन्या इपॉक्सीला तो धरत नाही. म्हणून बारीक सुईने आणि पातळ पात्याने तो थर जितका निघेल तितका खरवडावा, मात्र लाकडाचे तंतू तुटू देऊ नयेत, कारण दोन्ही बाजूंचे तंतू एकमेकांत बसले तरच सांधा घट्ट होतो. सगळा थर निघाला नाही, तर सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी वापरावे, पाच मिनिटांचे नाही. परिस्थिती वेगळी निघाली, म्हणून माझा सल्लाही बदलतो. स्क्रू मात्र नकोच.

जुना_सुतार :
मी पहिल्यांदाच अ‍ॅराल्डाइट सांगितले होते.

मिरजेचा_श्रोता :
सरसाचा आग्रह मी सोडतो, कारण इपॉक्सीच्या थरावर सरसही धरणार नाही. पण तडा स्वच्छ असता, तर माझे मत तेच राहिले असते.

सहा_तारा :
कृती अशी करावी. तारा काढाव्यात, ट्रस रॉडवरचे छोटे झाकण काढावे आणि रॉडच्या टोकाचा फिरवायचा नट घड्याळाच्या उलट दिशेने सैल करावा, म्हणजे मानेत आतून ताण राहणार नाही. रॉडच्या या नटाच्या भोवती प्लास्टिकची नळी बसवावी. गोंद तिथे शिरला, तर रॉड कायमचा अडकतो. तड्याच्या दोन्ही कडांना मास्किंग टेप लावावी. क्लॅम्प आधी गोंदाशिवाय लावून पाहावा, मान आणि क्लॅम्प यांच्यामध्ये चामड्याचा तुकडा व प्लास्टिकचा कागद ठेवावा. सांधा सरळ बसतो याची खात्री झाल्यावर तडा उघडून गोंद पातळ पात्याने तळापर्यंत पोहोचवावा. क्लॅम्प फार आवळू नये. सगळा गोंद बाहेर पिळून निघाला, तर सांधा कोरडा राहतो.

सागरवेळ :
अ‍ॅम्प्लिफायर बंद करून वेगळ्या खोलीत ठेवला आहे. दिवाबत्ती, आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही. घरात लहान मुले आहेत. मान चिकटवली आहे आणि क्लॅम्प अजून काढलेला नाही. दरम्यान केबल गिटारला लावून तिच्या मोकळ्या टोकावर मल्टिमीटरने मोजले. व्हॉल्यूम पूर्ण ठेवला असता मानेकडच्या पिकअपला (तारांची कंपने विजेत बदलणारे चुंबक-कॉइलचे साधन) ७.६ किलोओहम येतात, ब्रिजकडच्या पिकअपला मीटर काहीच दाखवत नाही. आता दोन्ही पिकअप नवे घ्यावेत का?

रेकॉर्डप्रेमी :
नवे घेऊ नयेत. मूळ भाग राहिले, तरच अशा गिटारला किंमत राहते.

दिवाबत्ती :
किंमत बाजूला ठेवली, तरी नवे घ्यायची गरज दिसत नाही. ७.६ किलोओहम म्हणजे मानेकडची कॉइल शाबूत आहे. तिचाही सूर आला नाही, याचे कारण बहुधा गंजलेला निवडीचा स्विच किंवा जॅकची पत्ती असावे. स्विचमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारून तो अनेकदा इकडून तिकडे फिरवावा. ब्रिजच्या पिकअपमध्ये कुठेतरी तार तुटली आहे, पण ती कॉइलच्या पोटात नसून टोकाशी तुटलेली असण्याची शक्यता अधिक आहे. आवरण काढून टोके पाहावीत. त्या काळच्या अनेक जपानी प्रतिकृतींत हंबकरच्या (दोन कॉइलींच्या पिकअपच्या) आवरणाखाली एकच कॉइल असते, तेव्हा तसे दिसल्यास गोंधळू नये. कॉइलची तार केसाएवढी, सुमारे ०.०६ मिलिमीटर जाड असते, म्हणून मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात नेण्याची घाई करू नये.

सागरवेळ :
आवरण काढले. खरोखरच एकच कॉइल आहे. आतल्या बाजूची तार सोल्डरच्या टाक्याजवळ हिरवी पडून तुटली आहे. सुमारे एक सेंटिमीटर मोकळे टोक शिल्लक आहे. स्विच साफ केल्यावर हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरवर मानेकडच्या पिकअपमधून, त्याच्यावर नाणे ठोकल्यावर, स्पष्ट आवाज आला. तारा कोणत्या जाडीच्या आणाव्यात?

सहा_तारा :
नऊच्या जाडीचा संच आणावा. या लांबीच्या मानेवर त्याचा एकूण ताण सुमारे ३६ किलो असतो, दहाच्या संचापेक्षा बराच कमी. तारा एका दमात सुरात आणू नयेत. दोन सूर खाली लावून रात्रभर ठेवावे, तड्याची रेषा भिंगाने पाहावी आणि मगच वर न्यावे. ट्रस रॉड त्यानंतर, एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नाही.

दिवाबत्ती :
त्या एक सेंटिमीटर टोकावरचे इनॅमल बारीक पॉलिश पेपरने, बोटांच्या हलक्या दाबाने खरवडावे आणि तांब्याचा लालसर रंग दिसला की थांबावे. मग त्याला आधी नुसते कथील लावावे. टाक्यावरचा हिरवा थर पूर्ण काढून नवे सोल्डर घालावे, आम्लयुक्त फ्लक्स वापरू नये, रेझिनचाच घ्यावा. सोल्डरिंगचे टोक दोन सेकंदांपेक्षा अधिक टेकवू नये, कारण कॉइलची प्लास्टिकची चौकट वितळते. तार ताणून बसवू नये, थोडी सैल ठेवावी आणि वर मेणाचा एक थेंब सोडावा. जोडल्यावर पुन्हा मोजून आकडा इथे लिहा.