रोमच्या 'कॉन्सल'ला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल
आठवी-नववीच्या मुलांसाठी प्राचीन रोमच्या राज्यकारभारावर एक पुस्तिका मराठीत करते आहे. मजकूर तपासणाऱ्यांनी 'कॉन्सल' खोडून सगळीकडे 'वाणिज्यदूत' घातलं, कारण शासकीय परिभाषेत तोच शब्द आहे. आता एक वाक्य असं झालंय : 'इ.स.पू. ६३ मध्ये सिसेरो रोमचा वाणिज्यदूत होता.' हे मला अजिबात मान्य नाही, पण नुसतं नको म्हणून भागत नाही, पर्याय द्यावा लागतो. परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये रोमनांनी राजाला हाकललं आणि त्याच्या जागी दोन माणसं बसवली. मुदत एक वर्ष, अधिकार सारखा, आणि एकाने काढलेला हुकूम दुसरा अडवू शकतो. अशा पदाला काय म्हणू? 'अध्यक्ष' म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे येतो. मागोमाग डिक्टेटर, ट्रिब्यून आणि सेन्सॉरही आहेतच.

मुळाक्षर
वाणिज्यदूत चूकच. तो अर्थ फार नंतरचा आहे. मध्ययुगात भूमध्य समुद्रावरच्या बंदरांत परक्या व्यापाऱ्यांच्या प्रमुखाला कॉन्सल म्हणू लागले, तिथून तो आजच्या वकिलातीत आला. रोमचा कॉन्सल फौज घेऊन स्वतः रणात उतरायचा. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीला कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमनांची दाणादाण उडवली, तेव्हा दोन कॉन्सलांपैकी एमिलियस पॉलस तिथेच पडला.
माझा शब्द : दंडनायक. कॉन्सलपुढे बारा लिक्टर, म्हणजे त्याचे सरकारी सेवक, चालायचे, खांद्यावर छड्यांची मोळी घेऊन. शहराबाहेर त्या मोळीत कुऱ्हाडही असे. दंड हा त्या अधिकाराचा गाभाच होता.

घाटमाथा
मुळाक्षर, आपल्याकडचा दंडनायक कुणातरी राजाचा नोकर असायचा. कॉन्सलवर राजा नव्हता, हाच तर मुद्दा! कॉन्सल राहू द्या की. कलेक्टर, मामलेदार, तहसीलदार या शब्दांनी मराठीचं काय वाकडं झालं? मुलांना पदाचं वर्णन एकदा नीट करून सांगा, पुढे शब्द आपोआप चालतो.

जुना वकील
पाटीपेन्सिल ताई, कॉन्सलचं काहीही करा, पण डिक्टेटरला 'हुकूमशहा' करू नका ही कळकळीची विनंती. आपल्याकडे 'सरमुखत्यार' हा नेमका शब्द आहे. मुखत्यार म्हणजे दुसऱ्याने दिलेला अधिकार वापरणारा. माझी उभी हयात मुखत्यारपत्रं लिहिण्यात गेली. गावची जमीन विकायला पुण्या-मुंबईचा भाऊ इथल्या भावाला कुलमुखत्यार करतो. अधिकार सगळा, पण मालकी नाही, आणि काम झालं की तो संपला. रोमचा डिक्टेटर तसाच होता. संकट आलं की सिनेटच्या सल्ल्याने कॉन्सलच त्याला नेमायचा, जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी. सिनसिनाटसला इ.स.पू. ४५८ मध्ये नांगरावरून बोलावलं आणि शत्रूला हरवून सोळाव्या दिवशी तो पद सोडून शेतावर परतला, असं रोमन सांगत. याला हुकूमशहा म्हणणं म्हणजे त्या माणसावर अन्याय आहे.

सांजवात
वकीलकाकांच्या म्हणण्याला पुष्टी. १९३०-३२ च्या कायदेभंगात काँग्रेसच्या समित्या बेकायदा ठरल्या, तेव्हा ठिकठिकाणी एकामागून एक 'डिक्टेटर' नेमले जात. पहिल्याला पकडलं की दुसरा, तो तुरुंगात गेला की तिसरा. माझे आजोबा त्या काळातले. 'आमच्या तालुक्याचे डिक्टेटर' हे शब्द ते फार आदराने उच्चारायचे. शाळेत असताना मला ते ऐकून धक्काच बसायचा. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपल्याच खेड्यापाड्यांत हा शब्द थेट रोमन अर्थाने चालत होता : संकटापुरता, नेमलेला, आणि पुढचं पाऊल टाकायला तयार असलेला.

मुळाक्षर
सांजवात, आठवण मोलाची आहे. पण सरमुखत्यार कशाला? 'सर' फारसी, 'मुखत्यार' अरबी. लॅटिनमधला 'दिक्' हा धातू आणि आपला 'दिश्' एकाच मुळातले आहेत. आदेश, निर्देश, उपदेश सगळे त्याचेच. डिक्टेटर म्हणजे अक्षरशः 'आदेष्टा'. सख्खं भावंड घरात असताना परक्याला का बोलवायचं? शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला?

घाटमाथा
राजव्यवहारकोशाचंच उदाहरण घ्या ना. त्याने पेशव्याला मुख्य प्रधान केलं, मुजुमदाराला अमात्य, सुरनीसाला सचिव. शिक्क्यावर 'मुख्य प्रधान' कोरलं गेलं हे खरं, पण लोकांच्या तोंडी राहिलं काय? पेशवे. आडनावंही मुजुमदार आणि पेशवे अशीच उरली. आदेष्टा कुणाला कळणार?

मुळाक्षर
अमात्य, सचिव आणि मंत्री आजही चालतात की! सचिवालय कुठून आलं? सुरनीस म्हटलं तर आज किती जणांना कळेल? रुजायला वेळ लागतो म्हणून पेरायचंच नाही, हे मला मान्य नाही.

पाटीपेन्सिल
वकीलकाका, सरमुखत्यार मला आवडला, पण एक अडचण आहे. इ.स.पू. २०२ नंतर सव्वाशेक वर्षं रोमने डिक्टेटर नेमलाच नाही. मग इ.स.पू. ८२ मध्ये सेनापती सुल्ला डिक्टेटर म्हणून आला, मुदतीशिवाय. इ.स.पू. ४४ मध्ये सीझर तहहयात डिक्टेटर झाला. तपासणाऱ्यांचं म्हणणं, सिनसिनाटसला सरमुखत्यार आणि सीझरला हुकूमशहा लिहा. तसं केलं तर मुलांना वाटेल ही दोन वेगवेगळी पदं होती. सीझरने नवं पद काढलंच नाही. जुनंच पद, जुनंच नाव, फक्त मुदत काढून टाकली. प्रजासत्ताक आतून पोखरलं गेलं ते याच रस्त्याने. शब्द बदलला तर नेमकं तेच वाचकापासून लपतं. दोघांनाही एकच शब्द हवा, इथे मी हटणार नाही.

जुना वकील
मान्य. मग दोघंही सरमुखत्यार. सुल्लाने मुखत्यारपत्रातली मुदतच फाडली, असं लिहा. पुढचंही जरूर घ्या : सीझरच्या खुनानंतर त्याचा साथीदार अँटनी याने हे पद कायद्याने रद्द केलं, आणि इ.स.पू. २२ मध्ये लोकांनी गळ घातली तरी पहिला सम्राट ऑगस्टस याने ते नाकारलं. सत्ता सगळी हातात ठेवली, फक्त ते नाव नको.

कोरा कागद
सिनेट म्हणजे सेनेची सभा ना? सेना-सेनेट? आमच्या इतिहासाच्या सरांनी असंच सांगितलं होतं.

मुळाक्षर
नाही. लॅटिनमध्ये 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा माणूस, त्यावरून सिनेट. वैदिक संस्कृतातल्या 'सन' म्हणजे जुना या शब्दाशी त्याचं नातं आहे, सेनेशी नाही. 'वृद्धसभा' म्हणा.

सांजवात
विद्यापीठाच्या सिनेटला मराठीत अधिसभा म्हणतात, ते का नको?

घाटमाथा
कारण अधिसभेवर निवडणुका होतात. रोमच्या सिनेटवर कुणी निवडून जात नसे. पदं भूषवलेली माणसं तिथे बसत, बहुतेक आयुष्यभर. कागदोपत्री ती फक्त सल्ला द्यायची, पण खजिना आणि परराज्यांचे वकील तिच्याच हातात. तो सल्ला झुगारणं सोपं नसे.

कोरा कागद
ट्रिब्यूनला लोकपाल चालेल का?

पाटीपेन्सिल
लोकपाल म्हटलं की भ्रष्टाचाराची चौकशी आठवते. ट्रिब्यून जन्माला आला तो संपातून. इ.स.पू. ४९४ मध्ये कर्जाने पिचलेले प्लेब, म्हणजे सामान्य लोक, शहर सोडून डोंगरावर जाऊन बसले. परत यायला त्यांनी अट घातली : आमची माणसं हवीत, आणि त्यांच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. पुढे ट्रिब्यून दहा झाले. नुसतं 'वेटो', म्हणजे 'मी मनाई करतो', एवढ्यावर कॉन्सलचं काम थांबवायचे. रात्रीही त्यांच्या घराचं दार उघडं असायचं, कुणालाही धाव घेता यावी म्हणून. हे सगळं पेलणारा शब्द मला अजून सापडलेला नाही.

जुना वकील
'रक्षक' घालून काहीतरी करा. जनरक्षक?

मुळाक्षर
जनरक्षक म्हटलं की पोलीस वाटतो. 'प्रतिषेधक' बघा.

घाटमाथा
प्रतिषेधक हे औषधाचं नाव वाटतं. ट्रिब्यूनच लिहा, ताई. आणि सेन्सॉरला चित्रपटवाल्यांचा 'परीक्षक' करू नका. तो नागरिक आणि त्यांची मालमत्ता मोजायचा, गैरवर्तनाबद्दल सिनेटरचंही नाव यादीतून काढायचा. त्याच्या मोजणीला खानेसुमारी म्हणावं.

सांजवात
खानेसुमारीत 'खाना' म्हणजे घर. रोममध्ये घरं मोजत नव्हते ना? मग शिरगणतीच बरी.

घाटमाथा
शिरगणतीत मालमत्ता कुठे आली? रोममध्ये कोण कुठल्या वर्गात मत देणार हे मालमत्तेवर ठरायचं. मतदानाच्या १९३ गटांपैकी घोडेस्वारांचे १८ आणि सर्वांत श्रीमंत अशा पहिल्या वर्गाचे ८० एक झाले की बहुमत तिथेच, गरिबाच्या मतापर्यंत पाळीच यायची नाही. नुसती डोकी मोजून हे दिसणार नाही.

जुना वकील
महसुलात घर-माणूस-गुरं एकत्र लिहायच्या जुन्या पद्धतीला काही खास नाव होतं का? कुणाकडे जुने दफ्तराचे कागद असतील तर कृपया बघून सांगा.