अमेरिकेच्या काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) मंजूर केलेली परदेशी मदत अध्यक्ष एकटा बंद करू शकतो का?

गोंधळलेला_जीव:
ट्रम्पने २० जानेवारी २०२५ ला एका आदेशावर सही केली आणि परदेशी मदत ९० दिवस थांबली, मग जुलै उजाडेपर्यंत यूएसएड (ही मदत वाटणारी सरकारी संस्था) च गुंडाळलं. पैसे काँग्रेसने मंजूर केलेले ना, मग एकटा माणूस हे कसं करतो? कोणी सोप्या भाषेत सांगेल का

फुकटचा_वकील:
कायद्याने नाही करता येत. यूएसएड १९६१ मध्ये केनेडीच्या ऑर्डरने सुरू झालं म्हणून लोक म्हणतात ऑर्डरनेच बंद होईल, पण १९९८ मध्ये काँग्रेसने त्याला कायद्यात जागा दिली हे सोयीस्कर विसरतात. आणि मंजूर पैसा अडवून बसायचा खेळ अध्यक्ष निक्सनने आधीच खेळलाय, त्याच्यामुळेच १९७४ चा इम्पाउंडमेंट कंट्रोल अ‍ॅक्ट आला. खर्च नको असेल तर काँग्रेसला कळवा, ४५ दिवसांत त्यांनी होकार दिला तर ठीक, नाहीतर गुपचूप खर्च करा.

रात्रपाळी:
गुपचूप म्हणे 😄 जुलैत काँग्रेसने साधारण ९ अब्ज डॉलर कापले, त्यातले जवळपास ८ अब्ज परदेशी मदतीचे, ते रीतसर झालं (मला पटलं नाही तो भाग वेगळा). खरी मेख ऑगस्टच्या शेवटी. अजून ४.९ अब्ज रद्द करा असं ट्रम्पचं पत्र काँग्रेसला गेलं. आता कॅलेंडर बघ, आर्थिक वर्ष संपतं ३० सप्टेंबरला म्हणजे उरला महिना, आणि मुदत ४५ दिवसांची, तोवर पैसा अडकलेला! काँग्रेसने नुसतं बसून राहायचं, पैसा आपोआप लॅप्स, म्हणजे मुदत संपून बाद. याला पॉकेट रिसिशन म्हणतात, जीएओच्या (काँग्रेससाठी सरकारी खर्च तपासणारी संस्था) मते हे बेकायदा.

साधा_मतदार:
पण निवडून आलेल्या माणसाने परराष्ट्र धोरण ठरवायचं नाही तर कोणी?

रात्रपाळी:
धोरण ठरव की, तिजोरीची किल्ली मात्र काँग्रेसकडे आहे

गोंधळलेला_जीव:
आणि कोर्ट?

फुकटचा_वकील:
मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने ५-४ ने सरकारला नकार दिला, मदत संस्थांनी केलेल्या कामाचे जवळपास २ अब्ज डॉलर द्यायचा खालच्या कोर्टाचा आदेश अडवला नाही. पण २६ सप्टेंबरला ६-३ ने ४ अब्ज रोखून ठेवू दिले. अंतिम निकाल नव्हे हां, तात्पुरता, पण वर्ष संपायला चारच दिवस उरलेले. कोर्टाचं म्हणणं असं की १९७४ च्या कायद्यावरून मदत संस्थांना असा खटला भरता येत नाही असं दिसतंय, तो हक्क जीएओच्या प्रमुखाचा.

गोंधळलेला_जीव:
मग तो गेला का कोर्टात?

फुकटचा_वकील:
३० सप्टेंबरपर्यंत तरी नाही.